पावरचा डबा

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला काशिराम घरतच्या घरात फट्ट असा आवाज झाला, मागोमाग जळका वास आला आणि वासामागून प्रांजलची किंकाळी.

"बाबा! गेला!"

काशिराम दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो बाहेर धावला. "कोन गेला?"

"कॉम्प्युटर!"

"आगं मग तसं बोल ना. मला वाटलं आये गेली."

"मी हाय अजून," आतल्या खोलीतून गंगाबाईचा आवाज आला. "घाई करू नको."

घाई खरं तर प्रांजलला होती. ती कॉम्प्युटरच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला. सोमवारी अकरा वाजता कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता, नाही दाखवला तर वर्ष गेलं. प्रोजेक्ट चालायचा तो फक्त घरच्या कॉम्प्युटरवर. सायबर कॅफेवाला स्वतःचं काही टाकू देत नव्हता आणि मैत्रिणी स्वतःच्याच प्रोजेक्टवर ठाण मांडून बसल्या होत्या.

गेला होता तो कॉम्प्युटरमधला एसएमपीएस. कॉम्प्युटरच्या मागच्या अंगाला पंखा असलेला एक पत्र्याचा खोका असतो. भिंतीतली लाइट त्यातून गाळून आत जाते. घरतांच्या घरात त्याला 'पावरचा डबा' म्हणायचे.

"नवा आनू. त्यात काय?" काशिराम म्हणाला आणि उरलेली दाढी करायला गेला. इथे तो फसला, पण ते कळायला शनिवार उजाडायचा होता.

काशिराम बावीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकच्या वजनकाट्यावर होता. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू चांगली की वाईट, हे तो हातात तोलून सांगायचा. कलिंगड असो, कुकर असो, लग्नाची पत्रिका असो. मनिषाला बघायला गेला तेव्हा पोरीकडे बघायच्या आधी त्याने चहाची कपबशी तोलली होती आणि मामाच्या कानात सांगितलं होतं, "घर भक्कम हाय."

पनवेलच्या बाजारपेठेत कुंदनचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कुंदन तिशीचा, केसांना जेल, जिभेला मध. त्याने दोन डबे काउंटरवर ठेवले. प्रांजल नेटवरून वाचून, कागदावर लिहून आली होती.

"याला बारा व्होल्टवर किती अँपिअर मिळतात?"

"ताई, अँपिअर ट्रकच्या बॅटरीला विचारायचे," कुंदन हसून म्हणाला. "इथं वॅट बघायचे. हे बघा, स्टिकरवर लिहिलंय, पाचशे."

"पण खरंच पाचशे देतो का?"

"छापलंय म्हणजे देणारच ना."

तोवर काशिरामने दोन हातांत दोन डबे घेतले होते. डोळे मिटून त्याने एकदा हा खालीवर केला, एकदा तो. "ह्यो हलका. नको. ह्यो दे."

कुंदनने त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला. "काका, दहा वर्षांत पहिला माणूस भेटला, ज्याला माल कळतो!"

एवढं ऐकल्यावर अँपिअरचं कोण विचारतो? डबा बसवायला कुंदन स्वतः घरी आला. डब्याबरोबर आलेल्या नव्या वायरची पिन तीन पायांची आणि घरतांचा एक्स्टेंशन बोर्ड दोन भोकांचा. कुंदनने पक्कड काढली, वरची जाडी पिन कट्कन मोडली आणि खिडकीतून फेकली. "ही शोसाठी असते," तो म्हणाला. काशिरामने मान डोलावली. शोचा त्याला तसाही राग होता.

गुरुवारी सकाळी गंगाबाईने नेहमीप्रमाणे ओल्या फडक्याने कॉम्प्युटर पुसायला घेतला आणि दुसऱ्या क्षणी ती फडकं टाकून दोन हात मागे उडाली.

"चावला! मेल्यानं चावला मला!"

"आये, कॉम्प्युटर चावत नसतो," असं म्हणत काशिरामने कॉम्प्युटरवर हात ठेवला. "आई गं!"

मनिषाला पटेना. तिनेही हात लावला. तीही किंचाळली. मग प्रांजलने एकच बोट लावून खात्री केली. एवढ्यात शेजारची ठमाबाई कढीपत्ता मागायला आली, तिला कुणी काही सांगायच्या आत तिनेही लावला. सुकापूरच्या त्या गल्लीत सकाळी साडेआठला पाच जणांना करंट बसून झाला होता.

काशिरामने फोन लावला. "अरे कुंदन, ह्यो करंट मारतो!"

"काका, नवीन माल आहे," पलीकडून शांत आवाज आला. "फ्रेश आहे. दोन दिवस करंट अंगात असतो, मग जिरतो. तोवर पायात रबरी चपला घाला."

"घरात?"

"करंटला काय माहीत घर आहे का बाहेर?"

इथे नवी पंचाईत झाली. कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून देव्हारा. त्या खोलीत चपला घालणं म्हणजे गंगाबाईच्या हयातीत न होणारी गोष्ट. तिने सरळ सांगितलं, "देवाम्होरं चपला घातल्यास तर मी धाकल्याकडं उरणला चालली."

शेवटी मनिषाने मार्ग काढला. बाजारातून दोन कोरे रबरी जोड आणले, धुतले, गोमूत्र शिंपडलं आणि सांगितलं की हे जमिनीला लागलेले नाहीत, म्हणजे अजून चपलाच नाहीत. गंगाबाईने बराच विचार केला. मग परवानगी दिली, पण आधी देवाला नमस्कार करून मगच घालायचे. त्यामुळे प्रांजल दर वेळी हात जोडायची, चपला घालायची आणि प्रोजेक्टला बसायची. हे बघून ठमाबाईने गल्लीभर सांगितलं की घरतांच्या पोरीने परीक्षेसाठी कसलंतरी व्रत धरलंय.

करंट काही जिरला नाही. डबा मात्र जिरला. गुरुवारी दुपारी तीन वाजता पंख्याने घरघर केली, पडदा काळा झाला आणि प्रांजलचं सकाळपासूनचं काम गेलं. ती रडली नाही. नुसती चपला घालून बसून राहिली. ते काशिरामला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

तो तडक कुंदनकडे गेला आणि डबा काउंटरवर आपटला. "यापेक्षा जड दे!"

कुंदनने डबा हुंगला. "काका, डब्यात दोष नाही. तुमच्याकडची लाइटच कडक आहे. त्याला वजनदार माल लागेल. उद्या सकाळी या, स्पेशल मागवून ठेवतो."

शुक्रवारी सकाळी स्पेशल डबा आला. काशिरामने तो उचलला आणि त्याच्या तोंडून आपोआप 'व्वा' निघालं. बसस्टॉपपर्यंत नेताना त्याने दोनदा हात बदलला. घरी येऊन प्रांजलच्या पुढ्यात ठेवला. "घे. ह्यो तुज्या पोरांना पन पुरेल."

तो शनिवारी सकाळी दहापर्यंत पुरला. या वेळी आवाजाबरोबर ठिणगीही उडाली. मनिषाने बादली उचलली, प्रांजल ओरडली, "आई, पाणी नको!", आणि काशिरामने चपला घालायच्या नादात आधी देवाला नमस्कार केला, मग एकच चप्पल घातली, मग लंगडी घालत जाऊन बटण बंद केलं.

"झालं," प्रांजल म्हणाली. "परवा अकरा वाजता मी सरांना काय दाखवू? चपला?"

 काशिरामने डबा उचलून हलवला. आत खळ्ळ झालं. त्याने परत हलवला. परत खळ्ळ. त्या आवाजाने त्याच्या कपाळाला आठी पडली. बावीस वर्षांत असा आवाज त्याने लाख वेळा ऐकला होता, पण तो ट्रकमधून यायचा. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. 'उघडल्यास वॉरंटी संपेल' असं लिहिलेला कागद त्याने नखाने फाडला.

आत हिरव्या पट्टीवर चार-सहा किरकोळ बारीक वस्तू होत्या, त्याही काळ्या पडलेल्या. आणि बाजूला गोंदाच्या लगद्यात चिकटवलेले लोखंडाचे दोन तुकडे.

 काशिरामने तुकडे सोडवून तळव्यावर घेतले. त्याचे डोळे सवयीने मिटले.

"वीस एमएमचा बार," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चारशे ग्रॅमला पाच कमी."

अर्ध्या तासाने ते तुकडे कुंदनच्या काउंटरवर खणखणले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चारही वळली.

"ह्ये काय हाय?"

कुंदनने तुकड्यांकडे पाहिलं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. हा दुखावला. "काका, वजन कोणी मागितलं होतं?"

"मी?"

"मग! बुधवारी म्हणालात हलका नको. गुरुवारी म्हणालात यापेक्षा जड दे. मी गिऱ्हाइकाच्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही. कुर्ल्याहून खास करून मागवला."

काशिरामचं तोंड उघडंच राहिलं. कारण हे सगळं खरं होतं. पुढचं वाक्य त्याला सापडेना. ते प्रांजलला सापडलं. ती काउंटरच्या आत शिरली, कुंदन बिलं काढायचा त्या कॉम्प्युटरच्या मागे वाकली.

"तुमचा हा कधी बंद पडला होता?"

"हा? कधीच नाही. पाच वर्षं झाली," कुंदन अभिमानाने म्हणाला आणि मग त्याला कळलं की ती वाकून काय वाचतेय. "ताई, तिकडं धूळ असते..."

प्रांजलने मोठ्याने वाचलं. "वॉरंटी स्टिकर. उदयसिंह कॉम्प्युटर सर्व्हिस. रस्त्यापलीकडे, पहिला मजला."

चारही गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिलं उगाच घड्याळ बघून बाहेर पडलं. बाकीच्या तिघांनी घड्याळसुद्धा बघितलं नाही.

पलीकडे उदयसिंह नावाचा पन्नाशीचा, चष्म्यावरून बघणारा माणूस बसला होता. त्याने डबा दाखवायच्या आधी प्रश्नच विचारले. कार्ड कुठलं, हार्ड डिस्क किती, रोज किती तास चालतो. प्रांजलने कागद पुढे केला, तो त्याने पूर्ण वाचला आणि म्हणाला, "बारा व्होल्टचं बरोबर विचारलंयस." प्रांजलचे डोळे भरून आले. तीन दिवसांत तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं.

"ह्यो मानूस इकतो का चौकशी करतो?" काशिराम तिच्या कानात कुजबुजला. डबा समोर आला तेव्हा त्याचा हात तोलायला पुढे गेला.

"बाबा. हात खाली."

उदयसिंह स्वतः घरी आला. त्याने डबा बसवला, नवी तीन पायांची वायर लावली, भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, वायर तपासली आणि उठून उभा राहिला.

"मी स्विच दाबणार नाही."

"का?" मनिषा म्हणाली. "पोरीचं वर्ष जाईल हो!"

"तुमच्या घराला अर्थिंग नाही, आजवर नशिबाने वाचलात. चुकार करंट जमिनीत जायला पाहिजे, तो तुमच्या अंगात जातोय. कुंदनने पिन मोडली ते चूकच, पण पिन असती तरी इथं फरक पडला नसता."

काशिराम आता हसला. इतक्या दिवसांनी एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती. "साहेब, चार वर्षांपूर्वी घर बांधलं. अर्थिंग माज्या डोल्यांदेखत केलंय. मागं खड्डा हाय."

सगळे मागे गेले. उदयसिंहने फावडं मागितलं. दोन हात खणल्यावर कोळसा लागला, मीठ मिसळलेली माती लागली, जाड वायर लागली. वायरच्या टोकाला काहीच नव्हतं.

"इथं प्लेट पाहिजे," उदयसिंह म्हणाला. "तांब्याची. दोन फूट बाय दोन फूट. वायर आहे, प्लेट कुठंय?"

काशिराम आभाळाकडे बघू लागला.

"तांब्याची लादी ना?" गंगाबाई मागून आनंदाने म्हणाली. "त्याचाच तर माजा बंब झाला!"

सगळं बाहेर आलं. घर बांधताना वायरमनला साडेनऊ किलोची तांब्याची प्लेट मातीत पुरताना काशिरामने पाहिलं होतं. चांगलं तांबं मातीत? माणूस आहे की येडा? वायरमनची पाठ वळताच त्याने ती उकरली, तांबटाकडे दिली आणि आईला आंघोळीच्या पाण्याचा बंब करून आणला. अख्ख्या सुकापुरात असा जाड बंब कुणाकडे नव्हता. गंगाबाई पाहुण्यांना आधी मोरी दाखवायची, मग चहा द्यायची.

प्रांजलने बापाकडे पाहिलं. मनिषाने नवऱ्याकडे पाहिलं. उदयसिंहने चष्मा काढून पुसला.

"बाबा," प्रांजल हळूच म्हणाली, "तुम्ही कुंदनवर ओरडत होतात, तेव्हा मी तुमच्या बाजूने उभी होते."

"लोखंडी पाइप गाडला तरी चालेल," उदयसिंहने सुचवलं. "पण आता मिळणार कुठं?"

"आमच्या बाजारात," काशिराम पुटपुटला. "पन आज चार वाजताच टाला लागतो. आता सोमवारी दहाला उघडंल."

 मनिषा उठली, मोरीत गेली आणि दोन्ही हातांनी बंब ओढत, फरशीवर खडखड वाजवत बाहेर आली. गंगाबाईने तिला अडवायला हात पुढे केला, नातीकडे पाहिलं आणि हात परत घेतला.

"चालेल का हो?" मनिषाने विचारलं.

उदयसिंहने बंबावर टिचकी मारली. "तांबं ते तांबं. पण पंचवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं."

संध्याकाळी साडेसहा वाजता बंब खड्ड्यात उतरला. गंगाबाईने त्याला हळदकुंकू लावलं. काशिरामने माती लोटली. कुंपणापलीकडून ठमाबाई पदर तोंडाला लावून बघत होती, पण विचारायचं धाडस तिला झालं नाही. आत उदयसिंहने स्विच दाबला. पंखा अगदी हलक्या आवाजात फिरला. प्रांजलने श्वास रोखला आणि अनवाणी उभं राहून सगळा तळवा कॉम्प्युटरवर टेकवला. काही झालं नाही. ती तशीच हात ठेवून उभी राहिली, मग खुर्ची ओढून कामाला बसली.

मंगळवारी सकाळी काशिराम बाजारातून लोखंडी पाइप घेऊन आला. उदयसिंहने सांगून ठेवलं होतं की पाइप गाडायचा आणि बंब वर काढायचा. प्रांजल पास झाली होती. सरांना प्रोजेक्ट आवडला होता. काशिराम फावडं घेऊन मागे गेला, तर खड्ड्यावर गंगाबाई पाट टाकून बसलेली.

"आये, ऊठ. तुजा बंब काढतो."

"र्‍हाऊ दे तिथंच."

"अगं, आंगोलीला पानी?"

"गॅसवर तापतं," गंगाबाई म्हणाली. मग तिने घराकडे बघून आवाज खाली आणला. "पाइप तू आनलाय ना? मंग मला त्याचा भरवसा नाय. चांगला भाव आला की तू तो पन उकरशील. बंबावर मी सोता बसलेली हाय."