नाचणेदादांनी हाकललेले सेन्सर

नाचणेदादा यंत्रांना शिव्या देतात. "निलाजरा कुठला!" हे त्यांनी मिक्सरला, लिफ्टला आणि बँकेच्या टोकन मशीनला म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. माणसांवर ते सहसा चिडत नाहीत. यंत्राने मात्र एकदाच आणि नीट काम करावं, एवढीच त्यांची अपेक्षा असते आणि ती कधीच पुरी होत नाही.

विठ्ठलवाडीला त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे. दादा आणि धाकटी बहीण शालूताई मिळून ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल भरतात. शालूताई हँडल फिरवते, तांब्याची तार गुंडाळली जाते आणि ती तोंडाने फेरे मोजते. दर शंभराला दादा भिंतीवर खडूची रेघ मारतात. तीस वर्षं हेच. फेरे चुकले की कॉइल फुकट. हल्ली माल परत यायला लागला होता. उल्हासनगरच्या जुन्या गिऱ्हाइकाने तर सांगून टाकलं, आणखी एकदा चुकलं तर राम राम.

"माझीच चूक. रेघ मारायला विसरतो," दादा सगळ्यांना सांगायचे.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालोय. फेरे मोजायला सेन्सर बसवू, असं मी म्हणालो आणि फसलो.

पहिला सेन्सर माजिवड्याहून टाय लावून आलेल्या विक्रेत्याने आणला. "सर, हा नुसता सेन्सर नाही, हे सोल्यूशन आहे."

"प्रॉब्लेम काय ते विचारलंत का अजून?" दादा म्हणाले.

तो सेन्सर उजेडावर चालणारा होता. खिडकीतून ऊन आलं आणि मशीन बंद असताना आकडा सातने वाढला. "निलाजरा! हात न हलवता मजुरी मागतो!" सोल्यूशन टायसकट परत गेलं.

दुसरा मी आणला. चुंबक जवळ आलं की मिटणारा, काचेच्या नळीतला स्विच. स्वस्त, पण एका फेऱ्यात दोनदा मिटायचा. "चमचा आहे हा. साहेब दिसला की डबल सलाम!"

तिसरा लोखंड ओळखणारा. हँडलच्या चाकावर एक बोल्ट लावला. हजार फेरे फिरवले, आकडा बरोबर हजार. मी विजयी मुद्रेने रुमाल काढला. दादांनी हँडल उलटं फिरवलं.

"बघा! मी तीन फेरे काढले, याने तीन चढवले!"

"अहो, पण हँडल उलटं फिरवायचंच कशाला?"

"फिरवावं लागतं!"

आता मीही तापलो. "दादा, मोठमोठे कारखाने याच सेन्सरवर चालतात!"

"त्या कारखान्यांत शालू नाहीये!"

आवाज एवढा चढला की शेजारचा वेल्डर डोकावून गेला. शालूताई नशिबाने कोपऱ्यावर चहा सांगायला गेली होती. दादा स्टुलावर बसले.

"चुकते ती, सर. मध्येच कुठवर आलो ते विसरते. मग घाबरते आणि दोन-तीन फेरे मागे घेते."

"मग तुमच्या रेघा?"

"ती शंभर म्हणते तेव्हा मारतो की. रेघ काय चुकायचीय?" त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "तिला कळलं तर हँडलला हात लावणार नाही ती. घरी बसून करेल काय?"

मी तसलेच दोन सेन्सर शेजारी शेजारी बसवले. आधी कोणता जागा होतो त्यावरून दिशा कळते. उलटा फेरा वजा होतो. दादांनी पुढे-मागे फिरवून तासभर परीक्षा घेतली. शिवी आली नाही. फक्त एक अट आली. "आकड्याचं तोंड माझ्याकडे ठेवा. ती विचारेल तर करंट मोजायचा मीटर आहे म्हणून सांगा."

दोन दिवसांनी मी मुद्दाम गेलो. शालूताई मोजत होती. एकदा थांबली, थोडं मागे गेली, पुन्हा निघाली.

"बाराशे झाले रे दादा."

दादांनी आकड्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. अकराशे अठ्ठ्याऐंशी.

"बरोबर," दादा म्हणाले. "फक्त तार हलकी आलीय. आणखी बारा दे."

"काल पण हलकीच होती ना?"

"चोर झालेत सगळे तारवाले!" दादा कडाडले. "सरळ तार म्हणून बनवता येत नाही एकाला!"

"बरं, ओरडू नको," शालूताई म्हणाली आणि हँडल धरलं. "एक... दोन..."