लांजेवार काकांची एकतर्फी मोटर

पाऊस आला की माणसं छत्री स्वतःच्या डोक्यावर धरतात. लांजेवार काका ती गाडीच्या सीटवर धरीत. स्वतः बाहेर चिंब भिजत उभे, हात लांब केलेला, आणि छत्रीखाली ड्रायव्हरची रिकामी, कोरडी जागा. पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर दोनमध्ये, नव्यानं राहायला आलेल्या माणसाला हे दृश्य दिसलं की तो चौकशीला आमच्याकडे येई, कारण आमची आणि काकांची भिंत एकच. मी दार उघडून आईला हाक मारी आणि आत पळे. अनोळखी माणसांशी मला बोलता येत नसे. ओळखीच्यांशीही फारसं नाही.

गाडी उघड्या छपराची होती. कुठल्याशा संस्थानिकाच्या गॅरेजात तिच्यात कोंबड्या अंडी घालीत होत्या. तिथून काकांनी ती बैलजोडी लावून ओढत आणली. रंग मोरपंखी आणि लांबी अशी की नाक त्यांच्या दारासमोर, शेपूट आमच्या. मेणकापडाचं छप्पर मागच्या सीटच्या पाठीशी घडी होऊन पडलेलं. खरं तर एक बटण दाबलं की एका छोट्या विजेच्या मोटरनं ते उठायचं आणि दुसरं दाबलं की मिटायचं. काकांनी इंजिन सगळं सुटं करून दोन महिन्यांत सुरू केलं. छप्पर मात्र उठलं नाही.

"मोटर गेली," काकांनी जाहीर केलं.

कॉलनीला हे पचेना. काका रोलिंग मिलमध्ये क्रेनच्या मोटरी सांभाळीत. कारखाना अजून निम्मा उभा राहायचा होता, रोज काहीतरी नवं बसत होतं आणि रोज काहीतरी बंद पडत होतं. काका स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला लावीत, मूठ कानाला लावीत आणि डोळे मिटून सांगत, "दुखून राहिलं तिले. डाव्या बेअरिंगमंदी." उघडून पाहावं तर डावंच बेअरिंग. ज्यांची भाषा कुणाला कळत नसे ते परदेशी तज्ज्ञसुद्धा, म्हणे, काका आले की निमूटपणे स्क्रू-ड्रायव्हर पुढं करीत.

समोरचे तिवारीजी स्टोअर्समध्ये होते आणि टोमणे मारणं हे त्यांचं दुसरं खातं होतं. "लांजेवारजी, पूरे प्लांट की मोटरें आपसे डरती हैं, और घर की मोटर आपकी सुनती नहीं?"

"घरचं कोनी आयकते का, तिवारीजी?" काका म्हणत आणि सीट पुसत राहत.

छप्पर नाही म्हटल्यावर पाण्याशी लढाई आली. काकांचं त्याबद्दल एकच तत्त्व होतं, आणि ते दिवसातून चारदा ऐकू येई: "पानी येनारच. बसू नोका देऊ." त्यासाठी त्यांनी गाडीच्या तळाला हातानं भोकं पाडली आणि प्रत्येकात रबराचं बूच बसवलं. स्वतःच्या हातानं गाडीला भोकं पाडणारा दुसरा मालक मी पाहिला नाही. पाऊस थांबला की बुचं निघत आणि गाडी एखाद्या म्हशीसारखी रस्त्यावर धार सोडी. मग सीटा निघत आणि काकूंच्या पापडांशेजारी खाटेवर वाळत. गालिच्याखाली वर्तमानपत्रं जात, बहुतेक आमची आणि बाबांनी अजून न वाचलेली. ओल शोषायला कोळशाच्या पुरचुंड्या. छपराच्या घड्यांना मेणबत्ती घासलेली, कापडाला चीर पडू नये म्हणून.

न उठणाऱ्या छपराला मेण कशाला, असं मला वाटे.

एकदा काका गाडीसोबत आलेलं जुनं इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन आमच्या ओसरीवर आले. "बेबी, तू इंग्रजी शाळेतली. मले हे वाचून सांग."

मी वाचत गेले, जमेल तसं मराठीत सांगत गेले. सतराव्या पानावर माझा आवाज एकदम मोठा झाला. "काका, हे पाहा! मोटर बिघडली तर छप्पर हातानंही उचलता येतं. दोघांनी, दोन्ही बाजूंनी, सारखं, हळूहळू."

"ते जाऊ दे," काका म्हणाले. "पानी कुठून कुठून घुसते, ते वाच."

मला वाटलं, माझं मराठी त्यांना कळलं नाही. माझ्या मराठीचा मला नेहमीच संशय असे.

काकू ठेंगण्या आणि चपळ होत्या, पण घरात त्या फारशा दिसतच नसत. स्वयंपाक मागच्या ओट्यावर, झोप अंगणात, थंडीतसुद्धा दोन गोधड्या घेऊन आभाळाखाली. बसमध्ये चढत नसत, आगगाडीत बसत नसत. तुमसरच्या पलीकडच्या त्यांच्या माहेरी सहा वर्षांत गेल्या नव्हत्या. बायका म्हणत, "मोटारवालीचा तोरा आहे. बसमध्ये कशी बसेल?" पण गाडी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तोरा आधीपासूनचा होता. आईनं मला एकदा सांगितलं होतं, की पहिल्या वर्षी इथं नुसते टिनाचे शेड होते. वादळात काका-काकूंचं शेड खाली बसलं आणि काकू त्याखाली सापडल्या. काका ड्यूटीवर. सकाळी पडलेलं टिन दुपारी उचललं गेलं. "तेव्हापासून तऱ्हेवाईक झाली बिचारी," आई म्हणाली, आणि भाजी निवडू लागली. मीही ते ऐकून सोडून दिलं.

भादव्यात माहेराहून पत्र आलं. काकूंची आई अंथरुणाला खिळली होती आणि लेकीला बघायचं म्हणत होती. काकांनी रजा टाकली. चार दिवस उघडीप होती. पाचव्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली निरोपाला जमली. काकू पुढच्या सीटवर बसल्या. मी त्यांच्या दाराशी उभी होते. त्यांनी वर पाहिलं, मोकळं आभाळ बघून पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

तेवढ्यात रुआबांधा गावाकडून काळं भरून आलं आणि टपोरे थेंब पडू लागले.

"ऐसे में जाएँगे? भाभीजी भीग जाएँगी!" तिवारीजी ओरडले.

"भिजली तं वाळन," डिकीत डोकं घालून सामान ताडपत्रीखाली बांधणारे काका म्हणाले.

मला काकूंची दया आली. आणि खरं सांगायचं तर, माझं इंग्रजी चारचौघांत दाखवायची इच्छाही झाली. जन्मात पहिल्यांदा मी गर्दीत आपणहून बोलले. "छप्पर हातानं उचलता येतं. दोघांनी, दोन्ही बाजूंनी. पुस्तकात लिहिलंय."

एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला तिवारीजी. छप्पर करकरत उठलं, पुढं आलं आणि काकूंच्या डोक्यावर बसलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला, नखं रुतली. चेहरा पांढरा पडलेला, श्वास लागलेला. "टिन काढा," त्या पुटपुटल्या. "टिन काढा वं माय."

टाळ्या ऐकून काकांनी मान वर केली. पुढचं सगळं क्षणात झालं. ते धावत आले, शर्टाच्या खिशातून एक फ्यूज काढला, वाकून तो गाडीत बसवला आणि बटण दाबलं. खर्रर्र. छप्पर उठलं, मागं सरकलं आणि शहाण्यासारखं घडी होऊन बसलं. काकूंच्या तोंडावर पाऊस पडू लागला आणि त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला.

"अरे!" तिवारीजी म्हणाले. "यह तो चलती है!"

सगळे काकांकडे पाहू लागले. वर्षभर टोमण्याला टोमणा देणारे काका तोंड उघडून नुसते उभे राहिले. त्यांचा एक हात काकूंच्या खांद्यावर होता. काकूंनी मान खाली घातली.

तिवारीजी माझ्याकडे वळले. "बेटी, तूने तो किताब पढ़ी है. क्या लिखा है उसमें?"

शाळेत आम्हाला खोटं बोलण्याबद्दल शंभर ओळी लिहायला लावीत. मी तिवारीजींच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "लिखा है कि मोटर पुरानी हो जाए, तो छत सिर्फ़ उतरती है, चढ़ती नहीं. और हाथ से चढ़ाना मना है. वह मैं पहले ठीक से पढ़ी नहीं थी. पेज सत्रह."

इंग्रजी पुस्तकात आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

"एकतर्फी मोटर हाय," काकांना वाचा फुटली. "उतरते, चढत नाई. मी कधीचा सांगून राहिलो."

गल्ली पोट धरधरून हसली. इतका मोठा मोटरवाला आणि त्याच्या घरी एकतर्फी मोटर! काकाही हसले. गाडी निघाली. वळणावर दिसलं, काकूंनी छत्री उघडली होती आणि ती काकांच्या डोक्यावर धरली होती. त्या स्वतः भिजत होत्या.

आठ दिवसांनी दोघं परतली. आईला भेटून आलेल्या काकूंनी आमच्यासाठी माहेरचे पोहे दिले होते. काका पिशवी घेऊन ओसरीवर आले, बसले, आणि पुस्तक पुढं केलं.

"ते सतरावं पान वाच, बेबी. जे लिवलं हाय ते."

मी वाचलं. "दोघांनी, सारखं, हळूहळू. एकट्यानं करू नये."

काका पिशवीची नाडी गुंडाळू लागले. "ते टिन म्याच ठोकलं होतं," ते म्हणाले. "एकट्यानं. ड्यूटीवर जाचं होतं, म्हून घाईत." मग उठले आणि गेले.

दिवाळीनंतर संध्याकाळी भिंतीपलीकडून खर्रर्र ऐकू येऊ लागलं. मी खिडकीतून पाही. काकू गाडीत बसलेल्या, काकांचं बोट बटणावर. छप्पर वीतभर उठे, थांबे आणि पुन्हा खाली जाई. तिवारीजींच्याही ते लक्षात आलं. "लांजेवारजी, मोटर तो सुधर रही है!"

"व्हय," काका म्हणाले. "हरूहरू."

तिवारीजी गेल्यावर काका आत वाकले. "बस?"

काकूंनी वर पाहिलं. मग बोटानं दाखवलं. "अजून इतकं."