शंकरची आडवी सायकल

आमच्या शेजारचा शंकर आडवा पडून सायकल चालवतो. सायकलीला तीन चाकं, मध्ये पट्ट्यांची बैठक, पाठ मागे टेकलेली. पायडल पुढे, एका नळीच्या टोकाला. सगळं इतकं खाली, की रस्त्यावरची कुत्री त्याच्या तोंडाला तोंड लावून भुंकतात. म्हणून मागे उंच काठीला हिरवं फडकं बांधलंय, सुशीलाच्या लुगड्याचं. सुशीला त्याची बायको.

पाऊस सरला की वाटेच्या दोन्ही अंगाला पुरुषभर गवत असतं. त्यात सायकल दिसत नाही, शंकर दिसत नाही. नुसतं फडकं सरकत येतं, आवाज न करता. बिरवाडीच्या मासळीवालीने एकदा ते पाहिलं. मग गवतातून आडवा माणूस बाहेर आला, तिने चपला काढून हात जोडले. शंकर म्हणाला, "जिवंत हाय गो बाय." ती आता दुसऱ्या वाटेने येते.

शंकर गल्फमध्ये वेल्डर होता. असली सायकल त्याने तिथे पाहिली. परत आला तेव्हा सुशीलाचे गुडघे गेले होते, एसटीची पायरी चढवत नव्हती. हिला माहेरी वरंधला नेता यावं म्हणून त्याने पाइप जोडून ही सायकल केली, तिच्या पायांच्या मापाची. दसऱ्याला निघायचं ठरलं होतं. सुशीला श्रावणातच गेली.

"मापात हाय" हा त्याचा शब्द. चहा प्याला तरी तेच, सर थांबली तरी तेच. भावकीने तिरडी बांधली तेव्हा दोन पावलं मागे सरून बघत म्हणाला, "मापात नाय. लांब झाली." बांबू कापायला लावले.

तेव्हापासून दर खंडेनवमीआधी तो सायकल पडवीतून काढतो. गंज घासतो, साखळी रॉकेलात बुडवतो, ब्रेकच्या तारांना तेल देतो. मग मला हाक मारतो, कारण माझी उंची सुशीलाएवढी.

"वैनी, जरा बसा. माप बघायचंय."

मी बसते. पाय बरोबर पोचतात. मग हा सहा फुटी माणूस तिच्या मापात बसतो, गुडघे हनुवटीला लावून पुलापर्यंत जातो आणि कण्हत परत येतो. वरंध राहूनच जातं.

यंदा सुशीलाच्या आईने निरोप धाडला. म्हातारी खाटेवर आहे. लेकीची सायकल एकदा बघायची म्हणते.

"टेम्पोत घालून ने," मी म्हटलं.

"टेम्पोत? ती काय भंगार हाय?"

"मग नळी लांब कर. तुझे गुडघे बघ, सुजून दुधी झालेत."

"लांब केली तर ती कुठं बसंल?"

"ती गेली, शंकर."

"म्हाईत हाय मला."

खंडेनवमीची भर दुपार होती. हँडलला झेंडू, चाकाखाली लिंबू. मी बैठकीवर होते. त्याने नळीच्या नटाला पाना लावला आणि म्हणाला, "पाय काढा."

मी काढले. पायडल अर्धा फेरा फिरलं. चाक सरकलं, लिंबू फुटलं. अंगण माझं आहे, चोपून सपाट मीच केलंय.

शंकर सायकलीला म्हणाला, "घाई नाय गो. निघतोच हाय."

तिच्या मापाच्या जागी त्याने नळीला लाल दोरा बांधला, नळी ओढून लांब केली आणि गेला. मी लोकांना सांगते, सायकल वाऱ्याने हलली. त्या दिवशी वारा नव्हता.

तिन्हीसांजेला फडकं गवतावरून परत आलं. फार सावकाश. वाटेवर आलं तेव्हा पाहिलं, शंकर लंगडत चालत होता, एक हात बैठकीच्या पाठीला. नळी आत, लाल दोऱ्याशी. बैठक रिकामी.

"म्हातारी भेटली?"

"भेटली. पायडलवरनं हात फिरवत बसली."

"आणि चालत का आलास, मेल्या?"

"येताना तिला बसवली."

मी बैठकीकडे बघितलं नाही. म्हटलं, "बसली नीट?"

"मापात हाय," शंकर म्हणाला.

मी आत जाऊन त्याच्या गुडघ्यांसाठी हळद गरम करायला ठेवली.