सोडलं की माघारी

बिराजदार सरांना पत्ता विचारू नये. ते पत्ता सांगत नाहीत, नेऊन सोडतात. मी लातूरला नवा आलो तेव्हा गॅसचं दुकान कुठं आहे एवढंच विचारलं होतं. सरांनी चपला घातल्या आणि मला थेट दुकानदारासमोर नेऊन उभं केलं. "हे आपले नवे फिजिक्सचे सर," म्हणाले आणि वळून चालू लागले. चहाचं विचारलं तर हात हलवून म्हणाले, "सोडलं की माघारी. प्रोटीन कधी चहा पितंय का?"

हे प्रोटीन म्हणजे सरांचं दैवत. आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात. पेशीत चरबी वाहून नेणारं प्रोटीन पुस्तकात चार ओळींत उरकलंय; सरांना ते आठवडाभर पुरतं. "पेशीत सगळं पाणी हाय. तेलाचं अन् पाण्याचं जमतंय का? न्हाई. मंग तेलाला घरी कोण नेऊन घालायचं?" मग ते आपला धपाट्यांचा डबा काढतात. डबा म्हणजे प्रोटीन. प्रोटीनची घडणही डब्यासारखीच: दहा पट्ट्यांचं पिंप, आत पोकळी, वर दोन बारक्या पिळांचं झाकण. आत बसलेल्या चरबीला बाहेरचं पाणी लागत नाही. पेशीतल्या मुक्कामाच्या पडद्याशी पोचलं की झाकण उघडायचं, चरबी उतरवायची आणि डबा रिकामा माघारी. हे सांगून होईपर्यंत डबा सगळ्या बाकांवरून फिरलेला असतो. "फॅट पोचलं?" "पोचलं सर!" पोरं भरल्या तोंडानं ओरडतात. सर दुपारी उपाशी.

"तरी ध्यानात न्हाई राहिलं तर लग्नातला मामा आठवा," हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य. "नवरीला हाताला धरून आणतो, बोहल्यावर सोडतो अन् मागं सरतो. फोटोत बी नसतो."

पण खुद्द सरांचं घोडं तिथंच अडलं होतं. त्यांनी लग्न केलं नाही. बहीण एकच, सुरेखाताई, हदगावला दिलेली, आणि तिची एकुलती एक ऋतुजा. सहा वर्षांपूर्वी ताईंच्या नवऱ्यानं, माधवरावांनी, तेलाचा घाणा काढला आणि उद्घाटनाचा नारळ मोठ्या मानानं सरांच्या हातून फोडला. पुढ्यात माईक आला आणि सरांमधला मास्तर जागा झाला. जास्तीचं तेल पोटात गेल्यावर काय काय करतं, हे त्यांनी जमलेल्या गिऱ्हाइकांना पाऊण तास समजावून सांगितलं. लोक रिकाम्या बरण्या तशाच घेऊन घरी गेले. तेव्हापासून अबोला.

आता ऋतुजाचं लग्न निघालं होतं, नांदेडला. नवरदेव माझ्या बायकोच्या नात्यातला, म्हणून पत्रिका मला आली. सरांना नाही. मी म्हणालो, "चला की सर."

"बिनपत्रिकेचं? छ्या!"

तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सर आपणहून म्हणाले, "नांदेडात ते कार्यालय तुम्हाला सापडायचं न्हाई. मी सोडतो."

लातूरहून नांदेडला सोडायला! मी हसू दाबलं आणि हो म्हणालो. बसमध्ये सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून तीन तास खिडकीबाहेर बघत बसले. मांडीवरच्या पिशवीतून पिवळ्या साडीचा काठ दिसत होता. नवरीला पिवळी साडी मामाकडून येते, एवढं मलाही कळतं.

कार्यालयाच्या फाटकाशी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "ही तेवढी आत पोचवा. सोडलं की माघारी."

ते वळले तोच आतून माईक बोलला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." सरांचे पाय जागीच थांबले. मान मात्र वळली नाही. पुन्हा पुकारा झाला. मला त्यांच्याकडं बघवेना. मी आत पळालो.

नवरीच्या खोलीशी ही गर्दी. आणायला आलेल्या चुलत मामाला ऋतुजानं परत पाठवलं होतं आणि ती जागची हलत नव्हती. मी पिशवी सुरेखाताईंच्या हाती दिली. "सर फाटकात उभे आहेत," म्हणालो. ताई साडी बघून तशाच धावल्या.

"दादा, दोनदा पुकारलं. ऐकू येऊन नाही राहिलं का तुला?"

"पत्रिका न्हाई आली, सुरेखा."

"लई मोठा झालास की! चल, पोरगी अडून बसली हाय."

सरांनी भाचीला आणलं. तिचा हात दोन्ही हातांत धरून, ओल्या फरशीवरून चालावं तसे जपून. बोहल्यावर सोडलं, अक्षता पडल्या आणि सवयीप्रमाणं सर मागं सरले, ते थेट दारापर्यंत. दारात माधवराव आडवे उभे होते. झालं, म्हटलं, आता इथंच जुंपणार.

"जेवून जावा," माधवराव खाली बघत म्हणाले. "आचाऱ्याला तेल कमी घालाय लावलंय."

सर पंगतीला बसले. बसची वेळ झाली म्हणून मी सांगायला गेलो, तर ऋतुजा त्यांच्या ताटात बुंदी वाढत होती. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढं," सर म्हणाले. "मला सोडतील ही लोकं."