उडता माणूस आणि हरवलेले पाहुणे

रघुनाथराव मास्तरांनी आपल्या थोरल्या जावयावर आयुष्यात पहिल्यांदाच एक जबाबदारी टाकली. टाकताना त्यांचा चेहरा दुधाच्या गंजावर मांजर राखणीला बसवणाऱ्या माणसासारखा झाला होता.

काम तसं साधंच होतं. लोधीखेड्याचे श्रावणजी आपल्या मुलासाठी धाकट्या वंदनाला पाहायला येणार होते. आधी एकटेच. त्यांना पसंत पडली, की मग मुलगा. दुपारच्या बसनं ते पांढुर्ण्याला उतरणार, आणि जावयानं त्यांना स्टँडवरून मानानं घरी आणायचं. बस्स.

"काळा कोट, पांढरी टोपी अन् हातात छत्री," मास्तरांनी खूण सांगितली. "अन् जावईबापू, तोंड उघडायचं नाही. रामराम म्हणा अन् चालू लागा. मधात बोलू नका."

याला कारण होतं. मागच्या साली रामाकोन्याचे पाहुणे आले होते. सगळं जुळलं, सुपारी कातरणं सुरू झालं. तेवढ्यात शालिकरामनं पाहुण्यांना प्रेमानं सांगितलं, "पोरगी लाखात एक हाये जी. फक्त झोपेत घोरते." पाहुणे पाणी प्यायला म्हणून उठले ते थेट रामाकोन्यातच बसले. (शालिकराम सौंसरच्या एका कचेरीत बाबू होता. तिथं तो फाइल वर्षभर दाबून ठेवायचा. घरची गोष्ट मात्र त्याला घटकाभर दाबता येत नसे.) त्यानंतर बायको उर्मिला त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. तो महिना फार सुखाचा गेला, ही एकच गोष्ट त्यानं आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तर शालिकराम इस्त्रीचा सदरा घालून स्टँडवर गेला. तिथं कळलं, की बस सौंसरच्या अलीकडेच पंक्चर होऊन पडली आहे, तास-दीड तास तरी येत नाही. आता सरळमार्गी माणूस अशा वेळी बाकड्यावर बसून राहिला असता. पण समोर टाकीज होती, आणि टाकीजवर पोस्टर होतं. पोस्टरवर एक धिप्पाड गडी गळ्यात लाल पडदा बांधून आभाळातून चालला होता. पँट आधी आणि चड्डी वरून, असा त्याचा पोशाख. घाईत निघाला असावा.

"पंधरा मिनिटं बसू," शालिकराम स्वतःशीच म्हणाला. (मोठमोठी राज्यं याच वाक्यानं बुडाली आहेत.)

आत अंधारात चाचपडत तो एका जाड्या गृहस्थाच्या मांडीवर बसला, मग शेजारी बसला. आणि पाचव्या मिनिटाला बस, पाहुणे, वंदना, सासरा, सगळं विसरला. पिक्चरच तसा होता! हिरो दिवसा साधा कारकून, साहेबाच्या शिव्या खाणारा. (शालिकरामला इथंच भरून आलं.) पण संकट आलं, की कपाटाआड जाऊन कपडे बदलायचा आणि भुर्रकन उडायचा. ट्रक उचलायचा, पूल सावरायचा. भानगड एकच होती. उडताना हसू आलं, की त्याची शक्ती जायची आणि तो धपकन खाली यायचा. आणि त्याला हसू फार यायचं.

हिरोनं एका बुक्कीत डोंगर फोडून गुंडांवर धोंडे भिरकावले, तेव्हा मागून पांढुर्ण्याच्या दरसालच्या दगडफेकीतला एक अनुभवी आवाज आला, "ह्यॅ! असा नेम गोटमारीत चालन का लेका?" टाकीज खदखदली. जाड्या गृहस्थानं हसत हसत शालिकरामच्या पाठीवर असा गुद्दा घातला, की दोघांची जन्माची दोस्ती झाली.

"शेंगदाणे घ्या जी," गृहस्थ म्हणाले. शेंगदाणे मांडीवरच्या पांढऱ्या टोपीत होते. शालिकरामनं टोपीत हात घातला. ढेकणांच्या भीतीनं गृहस्थांनी काळा कोट घडी करून अंगाखाली घेतला होता, आणि छत्री शालिकरामच्याच खुर्चीला टांगली होती. ती त्याच्या बरगडीत टोचत होती. तुम्हाला कळलं ना? शाबास. शालिकरामला नाही कळलं. त्यानं फक्त छत्री जराशी सरकवली.

इंटरवलमध्ये बत्त्या लागल्या, तेव्हा तो खाली वाकून आपली हरवलेली चप्पल शोधत होता. ती सापडेपर्यंत पुन्हा अंधार झाला.

"घरी सांगून आले का तुम्ही?" गृहस्थांनी विचारलं.

"कायचं सांगून! साळीले पाह्यले पाहुणा येऊन राहिला. सासरा म्हणते, तोंड उघडू नका. हिटलर हाये बुढा."

"काहून? तुमी का बोलता असं?"

"खरं बोलतो जी. पोरगी घोरते, हे मागच्या पाहुण्यायले सांगतलं, तं सोयरीकच मोडली."

"घोरते?" गृहस्थांचा दाणा तोंडापाशीच थांबला. "लय का?"

"अवो, फळीवरची भांडी वाजते!" शालिकराम म्हणाला, आणि मन मोकळं केल्याचं समाधान पावून पडद्याकडे वळला.

तिकडे कळस आला होता. काचेच्या डोळ्याच्या व्हिलननं शहराच्या सर्वांत उंच मनोऱ्याभोवती हसवणारा वायू सोडला. हिरो एका हातात हिरोईन, दुसऱ्या हातात पेटती मोटार घेऊन आभाळात लटकलेला. खाली सगळं शहर. त्याचे गाल फुगले. ओठाचा एक कोपरा हलला. शालिकराम खुर्चीवर उभा राहून ओरडला, "हसू नको रे बाप्पा! हसू नको!"

आणि हिरोच्या तोंडावर पांढरी पाटी उमटली. कोणाच्या घरी तातडीचं काम निघालं, की काचेवर लिहून पडद्यावर दाखवायची या टाकीजची पद्धत होती. स्टँडसमोर टाकीज असल्यावर जावई कुठे सापडेल, हे मास्तरांना ठाऊक होतं. आज काचेवर त्यांचंच वळणदार अक्षर होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट शुद्ध:

'सौंसरचे जावई शालिकराम यांनी असतील तसे बाहेर यावे. बस आली. पाहुणे हरवले आहेत. — रघुनाथराव मास्तर.'

टाकीज छतापर्यंत हसली. शालिकराम मुकाट खुर्चीवरून खाली उतरला. त्याहून वाईट म्हणजे शेजारचे गृहस्थ सावकाश उठले, कोट झटकून अंगात घातला, टोपीतली टरफलं सांडली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"चाला," ते म्हणाले. "हरवलेला पाहुणा मीच हावो. पिक्चर पाह्यले सकाळच्याच गाडीनं आलो."

घरापर्यंतच्या वाटेत शालिकरामनं खरोखरच तोंड उघडलं नाही. धरणीमाय दुभंगली असती, तर तो आधी छत्री परत करून आत शिरला असता.

बैठक बसली. वंदना पोह्यांची बशी घेऊन आली, खाली मान घालून बसली. श्रावणजींनी ना शिक्षण विचारलं, ना स्वयंपाक.

"बाई, झोप कशी लागते तुले?"

उर्मिलानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की पुढचा महिना नक्की झाला. वंदनाचे डोळे भरून आले होते, पण ती मास्तरांची पोर होती. मान वर करून म्हणाली, "गाढ लागते जी. अन् घोरतो मी. मागच्यायपासून लपवून ठेवलं होतं, तुमच्यापासून नाही ठेवत."

श्रावणजींनी गुडघ्यावर थाप मारली. "जमलं! अवो मास्तर, आमच्या घरी मी घोरतो, माही बायको घोरते, पोरगा तं दोघायच्या वर! न घोरणारी सून आणली असती, तं जागून जागून मेली असती बिचारी. जावई तुमचा देवमाणूस हाये, यानंच सांगतलं म्हणून मी निर्धास्त बसलो."

सासूबाई देवकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मास्तरांनी जावयाकडे पाहिलं आणि हसावं की रडावं ते न कळून सुपारीच कातरली.

"पण एक अट हाये," श्रावणजी म्हणाले. मास्तरांचा अडकित्ता अर्ध्यावरच थांबला. "तो उडता माणूस पडला का राह्यला, हे पाह्यल्याबिगर मी पोरीले कुंकू लावत नसतो."

झालं! सहाच्या शोला अख्खं घर निघालं. सिनेमाला आयुष्यभर नावं ठेवणारे मास्तर सर्वांत पुढे. शालिकरामही चप्पल शोधू लागला, तेव्हा देवकाबाईंनी त्याच्या हातात झारा दिला. "तुमचा तं पाहून झाला, जावईबापू. चुलीवर बासुंदी हाये, तेवढी ढवळत राहा."

तो ढवळत राहिला. हिरोचा हलणारा ओठ त्याला कढईभर दिसत होता. साडेनऊला मंडळी परतली, ती पोट धरूनच. श्रावणजी गळ्यात टॉवेल बांधून खाटेवर चढले होते, मास्तर स्वतः व्हिलन झाले होते, वंदना तोंडात पदर कोंबून लोळत होती.

शालिकराम झारा घेऊन धावत बाहेर आला. "तो हसला का पण? पडला का?"

मास्तरांनी डोळे पुसले आणि एकदम मास्तर झाले. "जावईबापू, तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं ना?"

शेवट काय झाला, हे त्याला अजूनही कोणी सांगितलेलं नाही. बासुंदी खाली लागली, हे मात्र त्या रात्री त्यानं न विचारताच सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.