मधू मास्तरांचा अखाजी पार्क

रिक्षात बसायचं म्हटलं की आमचे शेजारी मधू मास्तर आधी चपला काढून पायाखाली दाबतात. मग चष्मा काढून माझ्या हातात देतात. मग खिशातलं पेन, घराची किल्ली, सुपारीची डबी. आणि शेवटी तोंड तिकडे करून, रुमालाआड, दातांची कवळी काढतात आणि रुमालासकट मला सोपवतात.

"व्हहिनी, शांभाळा. हवेत उडालं तर पार्कवाले जबाबदार नाहीत."

आता मी त्याच रिक्षात, त्यांच्याच शेजारी बसलेली असते. म्हणजे उडायचं झालं तर मीही उडणारच. पण ते त्यांना चालतं. रिक्षा आमच्या बुऱ्हाणपुरातल्या गल्लीतून नदीवरच्या राजघाटापर्यंत जाते, तीही अशी की बाजूनं चालणारी म्हैस पुढे निघून जाते. खड्डा आला की मास्तर दोन्ही हात वर करून ओरडतात, "हात ऊपर!" रिक्षावाले ओळखीचे झालेत. काही जण मुद्दाम खड्ड्यातून नेतात.

मास्तर निंबोल्याच्या शाळेत पीटी शिकवायचे. रिटायर झाले तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात एकटा माणूस, पण त्या घरात कुणी टिकून बसलेलं आम्ही पाहिलेलं नाही. चहा घेतात तो अंगणात फेऱ्या मारत. पेपर वाचतात तो उभ्यानं. दाराशी बॅग भरलेली असते. विचारावं, "मास्तर, कुठं?" की उत्तर ठरलेलं, "निघालोच!" कुठं ते बॅगेलाही माहीत नसतं.

जायचं ते पार्कात. बागबगीचा नव्हे हो. ते मोठमोठे झुल्यांचे पार्क असतात ना, जिथं माणसाला पट्ट्यानं बांधून उलटं टांगतात आणि तो पैसे देऊन किंचाळतो, ते. इंदूरकडे, नागपूरकडे, गुजरातेत, कुठं नवा झुला लागला की मास्तरांना झोप नाही. डॉक्टरांनी बीपी पाहून मनाई केली, तर यांनी डॉक्टर बदलला. फाटकावर वय विचारतात म्हणून जाण्याआधी केस, मिशी आणि भुवयासुद्धा काळ्या करतात. एकदा पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली आले तेव्हा तोंडावरून काळे ओघळ, पाण्यातही काळं. बायकापोरं ओरडत बाहेर पळाली. गार्डानं स्ट्रेचर आणवलं. मास्तर म्हणतात, "स्ट्रेचर बी मस्त होतं वहिनी, दोन टर्न जोरात घेतले त्यानं."

हे मला कसं माहीत? सगळ्या गल्लीला माहीत आहे. कारण मास्तरांच्या फोनवर एक ग्रुप आहे, 'झुला परिवार'. गावोगावचे झुलावेडे त्यात गोळा झालेत आणि दिवसभर बोलून-बोलून पाठवत असतात. मास्तरांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज पूर्ण मोठा. आम्ही भाजी निवडता-निवडता ऐकतो.

नाव झुल्यांचं, पण गप्पा बघाल तर सगळ्या जगाच्या. कुठल्या स्टेशनावर पोहे चांगले, कुठल्या गाडीत संडास स्वच्छ, कुणाच्या सुनेनं काय उलटून बोललं. एखादा जुना झुला दुरुस्तीला बंद झाला की हळहळ अशी, जसं घरातलं माणूस आयसीयूत आहे. नागपूरचे वानखेडे साहेब, बँकेतून रिटायर झालेले, रोज सकाळी सगळ्यांची फिरकी घेतात. सुरतेची हेमा, असेल पंचेचाळिशीची, साड्यांच्या दुकानात काम करते. तिचा गुडघा दुखतो. मी भिंतीवरून विचारायचे, "मास्तर, हेमाचा गुडघा कसा आहे?" एरंडाच्या पानाचा उपाय मीच सांगून पाठवला होता. कधी न पाहिलेली बाई, पण मला तिची काळजी. नवरा गेला, मागोमाग आईबाप गेले, भावानं फोन उचलणं सोडलं. हे सगळं ती हसत-हसतच सांगायची, "मैं तो फ्री हूँ मास्टरजी, जिधर झूला उधर मैं."

गेल्या वर्षी उन्हाळा लागताच ग्रुपवर वाद पेटला. कुणाच्या गावात काय आहे? प्रत्येकानं आपापला पार्क सांगितला. वानखेडे म्हणाले, "मास्टरजी, तुम्हारे बुरहानपुर में क्या है? केला और मावे की जलेबी!"

झालं. मास्तर फोन घेऊन अंगणभर भिरभिरले. आणि भडकून बोलले, "हमारे यहाँ अखाजी लगता है! एकदम खुले में. ना पट्टा, ना मोटर. पाँव सीधे पेड़ के ऊपर जाते हैं!"

"टिकट?"

"फ्री!"

"बारह महीने?"

"साल में एक बार. इसलिए तो तुमको मालूम नहीं."

आता अखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया, सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, मांडे-आमरस खातात, गाणी म्हणतात. पण परिवारातल्या लोकांना वाटलं, अखाजी नावाचा पार्क आहे. आणि मास्तरांनी त्यांना तसंच वाटू दिलं.

सण जवळ आला तसे मास्तर माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"वहिनी, लोकं निघाली."

"कोण लोकं?"

"वानखेडे. आणि हेमा. रिझर्वेशन करून टाकलं त्यांनी."

"मंग सांगा ना खरं."

"आता खरं सांगितलं तर ग्रुपमधून जाईन मी. सकाळी उठून कोणाशी बोलू, भिंतीशी?" मग म्हणाले, "एक बार इज्जत गेली की गेली."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. "मास्तर, पण दर अखाजीला तर तुम्ही गावात नसता. बॅग घेऊन आदल्याच दिवशी पसार."

"इथं गर्दी असते," ते म्हणाले.

"आणि पार्कात?"

त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि निघाले.

जवळच्या जसोंडी गावाला आमच्या दिरांचं शेत आहे, बांधावर जुना निंब. मास्तरांनी तो ताब्यात घेतला. विहिरीचा जाड नाडा, म्हणजे दोर, आणला, सागाचा पाट आणला, फांद्या खालून-वरून ठोकून पाहिल्या. मग सरकीचं पोतं झोक्याला बांधलं आणि शिट्टी मारून ढकललं. "ट्रायल!" गावातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझी जाऊ म्हणाली, "काय वं माय, हा माणूस पोत्याची अखाजी करतोय!"

सणाच्या सकाळी दोघं पाहुणे स्टेशनावर उतरले. वानखेडे साहेबांनी टोपी, गॉगल, कमरेला पिशवी असा सगळा जामानिमा केला होता. हेमा लहानखुरी, गुडघ्याला पट्टा, हातात खमणचा डबा. टेम्पोनं जसोंडीला आलो. ऊन असं की केळीची पानंसुद्धा लोंबकळलेली. उतरून दोघं इकडेतिकडे बघायला लागले. एक निंब. एक झोका.

"मास्टरजी, पार्क किधर है?" वानखेडे म्हणाले.

मास्तरांच्या कपाळावरून घाम निथळत होता. "यही है," ते म्हणाले.

मग वानखेडे साहेब हसायला लागले. हसता-हसता बांधावर बसले, उचकी लागली, मी पाणी दिलं. "झूठे! पूरा परिवार फोटो की राह देख रहा है! मैं सबको बताता हूँ!" आणि खरंच त्यांनी फोन काढला. मास्तर त्या फोनकडे असे बघत उभे, जसं मुख्याध्यापकांसमोर पोरगं.

हेमा हसली नाही. ती झोक्याजवळ गेली, नाडा हातानं चाचपला. "ये किसके लिए बाँधते हैं?"

माझी जाऊ म्हणाली, "लेकीसाठी. जो बांधतो ना, त्याची लेक पहिली बसते. मंग बाकीच्या. हमारे में ऐसाच है."

आणि खरंच, गावच्या लेकी नटूनथटून कधीच्या उभ्या होत्या, पण झोक्याला कुणी हात लावत नव्हतं. सगळ्या मास्तरांकडे बघत होत्या. मास्तरांना ही रीत ठाऊक नव्हती. कशी असणार? या दिवशी ते गावात कधी थांबलेच नाहीत.

"मी पाणी घेऊन येतो," ते घाईघाईनं म्हणाले. हंडा भरलेला समोरच होता. तरी विहिरीकडे वळले.

"मास्टरजी," हेमानं हाक मारली. चपला काढून ती पाटावर बसली होती. "किधर चले? धक्का कौन देगा?"

मास्तर परत आले. मला वाटलं, आता हा माणूस हिला पार आभाळात पाठवतो. पण त्यांनी पाटाला नुसती बोटं लावली. झोका वीतभर हलला.

"अरे जोर से!" हेमा म्हणाली.

"नहीं, नहीं. ज़्यादा नहीं. कसके पकड़. गुडघा संभाल."

"आप तो बोलते थे, पाँव पेड़ के ऊपर!"

"वो दूसरों के."

वानखेडे साहेबांचा फोन हातातच राहिला. त्यांनी एक फोटो काढला आणि ग्रुपवर बोलून पाठवला, "परिवार, अखाजी पहुँच गए. लाइन लंबी है. मेरा नंबर आना बाकी है." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाभीजी, जमाईलोगों को बिठाते हैं क्या?"

मग गावच्या लेकी बसल्या, गाणी झाली, निंबाच्या सावलीत पंगत झाली. हेमानं आमरस दोनदा मागून घेतला. जेवण झाल्यावर मी खरकटं आवरत होते, तर मास्तर मला बाजूला घेऊन गेले. एका पायावरून दुसऱ्या पायावर करत होते.

"वहिनी, त्यांची गाडी संध्याकाळची आहे."

"हो, ऐकलं मी."

"लेकीला अखाजीच्या दिवशीच परत पाठवतात का?"

"नाही हो, मास्तर. चार दिवस ठेवून घेतात. जाताना बांगड्या भरतात, साडी देतात."

त्यांनी हेमाकडे बघितलं. ती माझ्या जावेला मांडा हातावर कसा फिरवतात ते विचारत होती.

"मग तुम्ही सांगता का तिला? मला आजवर कुणाला थांब म्हणता आलं नाही."

मी वळले. तिच्याजवळ गेले, खरकट्या हातानंच तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, "बेटी, ते तिकडे उभे आहेत ना, त्यांना विचारायला लाज वाटते. आज मत जा."

तिनं मान वळवून बघितलं. मास्तर पाठ करून उभे होते आणि झोक्याची गाठ, जी पक्की होती, ती पुन्हा आवळत होते.