हौसाबाईंचं शास्त्र

मोबाईलच्या उजेडाने बाळाची टाळू भरत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्ही काय कराल? मी सरळ म्हणाले, "मावशी, असं काही नसतं." हौसाबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "शास्त्र हाय." झालं, विषय संपला.

हौसाबाई म्हणजे आमच्या मालिशवाल्या मावशी. बाळाला आणि बाळंतिणीला चाळीस दिवस तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, ओव्याची धुरी द्यायची, बाळंतिणीचं पोट जुन्या साडीने आवळून बांधायचं, हे त्यांचं काम. पिंपरीहून बसने यायच्या आणि सकाळी नऊच्या ठोक्याला तळवड्याच्या आमच्या सोसायटीत हजर. साठीच्या पुढचं वय, काटकुळं अंग, नऊवारी लुगडं, पायात पुरुषी स्लीपर, काखेत साडीच्या दुकानातली पिशवी. आवाज असा की आमचा वॉचमन त्यांना बघून खुर्चीतून उठायचा. तो आमच्या चेअरमनसाठीही उठत नाही.

लोक बाळ बघायला येतात. हौसाबाई बाळाकडे ढुंकूनही बघत नसत. पहिल्या दिवशी माझ्या सासूबाई मोठ्या कौतुकाने इराला त्यांच्यापुढे धरून म्हणाल्या, "बघा ना मावशी, कुणावर गेलीय?"

"मानसावर गेलीया. सरका."

आणि थेट माझ्याजवळ येऊन माझ्या डोळ्याखालची कातडी बोटाने ओढून विचारलं, "झोपलीस का काल?" मी "हो" म्हणाले. "खोटं बोलतीस," म्हणाल्या. कॉटवर बसायच्या नाहीत, चहा स्वतःच्या कपात घ्यायच्या. मला तर त्यांचा पहिल्याच दिवशी संताप आला होता.

माझंही सांगते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर मी ते काम फुकट करते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि बार्शीहून सासूबाई आल्या. बाई प्रेमळ हो, पण त्यांना अख्ख्या बार्शीला नात दाखवायची होती. मी अर्धवट कपड्यांत पोरीला पाजत असायची आणि तोंडासमोर व्हिडिओ कॉल. "हात हलव गं, मामेसासरे आहेत." टाके ठणकताहेत, डोळे मिटताहेत आणि मी मामेसासऱ्यांना हात हलवतेय. नवऱ्याला म्हटलं, "नितीन, आईंना सांग ना." तो म्हणाला, "बघू." चाकणची शिफ्ट करून आलेला माणूस याच्यापलीकडे काही बोलत नाही.

आणि मग ते टाळूचं शास्त्र आलं. दुपारी एक ते चार खोलीत फोन नाही, माणूस नाही, दार बंद. माझं न ऐकणाऱ्या, पोटच्या पोराचंही न ऐकणाऱ्या सासूबाई शास्त्रापुढे चिडीचूप. फोन गेला हॉलमध्ये. मी झोपले. त्याबद्दल मला उपकार वाटले? छे! मी उठून पुन्हा चरफडत बसले की आमच्या घरात हे काय थोतांड चाललंय.

मग नितीनची पाळी. "बापाच्या छातीचा घाम लागला न्हाई तर पोरगी मुकी ऱ्हाती." झालं, हा गडी कंपनीतून आला की उघडाबंब सोफ्यावर, छातीवर इरा, समोर क्रिकेट, तासभर. तिसरं शास्त्र माझ्यासाठी होतं. "बाळंतिणीनं दिसातनं येकदा इस्तवापाशी हुभं ऱ्हाऊन सोताच्या हातानं च्या करायचा आन गॅलरीत येकटीनं बसून प्यायचा. न्हाईतर अंगातला वात निघत न्हाई."

त्या दिवसांत मला कारण नसताना रडू यायचं. इतकं की पोरगी आपली वाटायची नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सगळे म्हणत, किती नशीबवान आहेस. गॅलरीत कप घेऊन मी मनसोक्त रडून घ्यायची. वात निघतोय म्हणून कुणी हाक मारायचं नाही.

"मावशी, शास्त्र म्हणजे सायन्स. कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे?" मी एकदा विचारलंच.

"पुस्तक लिवनाऱ्याच्या आईला तेल कुनी लावलं व्हतं?" त्या माझ्या पोटाची साडी करकचून आवळत म्हणाल्या.

चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी त्यांना साडी दिली. हौसाबाई मला म्हणाल्या, "आता ऊठ, कामाला लाग," आणि इराच्या गालाला बोटही न लावता निघून गेल्या. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली! पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आमच्याच जिन्यात. वरच्या मजल्यावरची शीतल बाळंत झाली होती. बावीस-तेवीस वर्षांची पोर, बीडकडची, माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच. सिझर झालेलं. नवरा आणि दीर दोघेही चाकणला, वेगवेगळ्या शिफ्टला. त्यामुळे त्या घरात पहाटे एक डबा आणि दुपारी दुसरा.

बाराव्या दिवशी बारसं होतं. सोसायटीतल्या आम्ही सगळ्या बायका जमलो. हौसाबाई कोपऱ्यात बसून बाळाला कुंची बांधत होत्या. शीतलच्या सासूबाई, त्यांना आम्ही काकू म्हणतो, गाऱ्हाणं सांगत होत्या. "काय सांगू बाई, यांचं शास्त्र! बाळंतिणीच्या हाताला चाळीस दिवस विस्तवाची धग लागली तर दूध आटतं म्हणे. दोन्ही शिफ्टच्या भाकऱ्या मलाच थापाव्या लागतात."

मला चूक सापडली! अशा वेळी मला काय होतं ते सांगता येत नाही, अंगात वारं शिरल्यासारखं होतं.

"अहो काकू," मी खो खो हसत म्हणाले, "मला तर सांगितलं होतं की विस्तवाजवळ उभं राहिलंच पाहिजे! रोज चहा करायला लावायच्या मला. खाली धग हवी, वर धग नको. एका जिन्यात दोन शास्त्रं!"

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. शीतलने पाळण्याची दोरी घट्ट धरली आणि माझ्याकडे बघितलं. हौसाबाईंनी मान वर केली नाही, कुंचीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मी मात्र घरी येऊन नितीनला सगळं रंगवून सांगितलं. स्वतःवर काय खूश होते मी!

दुसऱ्या दिवशी हौसाबाई नऊला आल्या नाहीत. काकूंनी त्यांना बंद केलं होतं. चौथ्या दिवशी मी काही द्यायला वर गेले, तर शीतल दाराशी ठेवलेला भरलेला सिलिंडर ढकलत आत नेत होती. वाकून, एका हाताने पोट धरून. मला म्हणाली, "या ना ताई." आणि हसली. ते हसू मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. आठ दिवसांत टाके पिकले, ताप भरला, आणि तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं.

मी हौसाबाईंना फोन केला. आल्या. मी शिव्या खायच्या तयारीने बसले होते, आणि त्यांनी निराश केलं नाही.

"शानी हाएस न्हवं तू? मोठी कंपनीत जातीस. मंग येवढं कळंना व्हय तुला?" त्या जमिनीवर बसत म्हणाल्या. "तुज्या सासूला मी सांगितलं आसतं, बाई, तुमचा फोन आवरा, सुनंला झोपू द्या, तर तिला वाईट वाटलं आसतं. तुज्यावर राग धरला आसता. शास्त्राचा राग कुनाला येत न्हाई. तुला घडीभर मानसांतनं उठून जायला पायजे व्हतं. शीतलला चुलीपासनं सोडवायची व्हती. ज्या घरात जे कमी, ते मी सांगते. आता माजं तितं कोन ऐकंल?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "पुरं. रडून तिचे टाके भरनार हाएत का? आता खोटं तू बोल. तू शिकलेली."

शीतल घरी आल्यावर मी वर गेले. "काकू, शीतलला आमच्याकडे पाठवा. लॅपटॉपवर ऑनलाइन थेरपी असते, टाके लवकर भरतात. रोज एक ते चार. मध्ये डिस्टर्ब चालत नाही." म्हटलं, या बाईंनी विचारलं कुठली थेरपी, तर मी काय सांगणार? काकूंनी एक प्रश्न विचारला नाही. "लॅपटॉपवर आहे होय?" म्हणाल्या आणि स्वतः तिला खाली आणून सोडलं. हौसाबाईंच्या आयुष्यभराच्या हाताच्या कसबावर ज्यांचा विश्वास दोन मिनिटांत उडाला, त्या माझ्या लॅपटॉपच्या डब्यापुढे निमूट वाकल्या. मी टेबलावर ऑफिसची कुठली तरी एक्सेल शीट उघडून ठेवली, आणि शीतल तिच्यासमोर पाच मिनिटांत गाढ झोपली.

सासूबाई हॉलमध्ये दोन्ही लेकरं सांभाळत होत्या. हौसाबाई शीतलच्या पायांना तेल चोळत होत्या. त्यांना इथे यायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, तुमच्या बाळंतपणात कोण होतं?" मी विचारलं.

"कोन आसनार? मोशीच्या खानीवर व्हतो आमी. चौथ्या दिशी खडीची पाटी उचलली."

"कुणी थांबवलं नाही?"

"माज्यापायी कुनाला शास्त्र सुचलं न्हाई," त्या शीतलची टाच चोळत म्हणाल्या.

मला काय वाटलं कोण जाणे. मी शेजारी गादी घातली, त्यांच्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली आणि म्हणाले, "पडा तुम्ही. मालिश करणारीने एक ते चार आडवं व्हायचं असतं, नाहीतर तेलाचा गुण लागत नाही. शास्त्र आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लई लवकर शिकलीस," म्हणाल्या. आणि खरंच आडव्या झाल्या, गादीच्या अगदी कडेला, पिशवीवर हात ठेवून. डोळे छताकडे. मी तिकडे बघायचं टाळलं. दहा मिनिटांनी त्या उठून बसल्या.

"न्हाई जमत, पोरी. चौतीस वर्सं झाली. ती झोप आता भरून निघत न्हाई."

त्यांनी शीतलच्या पायांवर चादर ओढली, माझी गादी गुंडाळून भिंतीला लावली, पिशवी काखेत मारली. मी दारापर्यंत गेले.

"चार वाजंपातूर उठवू नगंस तिला. कुनी इचारलं तर..."

"शास्त्र आहे म्हणून सांगते."

"न्हाई," स्लीपर पायात सरकवत हौसाबाई म्हणाल्या, "लॅपटाप हाय म्हनून सांग."